मारहाणीत पोटातलं बाळ गेलं, तर फिर्याद कशी द्यायची

मी महिला समुपदेशन केंद्रात बसते. गेल्या पावसाळ्यात एक बाई आईला सोबत घेऊन आली. हातात एनसीचा कागद, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशा अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. बांधाच्या भांडणात दिरानं पोटात लाथ घातली, तिसाव्या आठवड्यात बाळ गेलं, आणि कागदावर लिहिलेलं ‘हाताबुक्क्यांनी मारहाण व शिवीगाळ’. बाळाबद्दल एक अक्षर नाही.

असं होऊ नये म्हणून पहिल्या कागदापासून बाळाची नोंद हवी.

आधी दवाखाना. केसपेपर काढतानाच सांगा, “मारहाण झालीय, एमएलसी करा,” म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद करा. घरचे ‘पडले म्हणून सांग’ म्हणतात. ते सांगू नका, पुढे कोर्टात आरोपीचा वकील तेच वाक्य काढतो. किती आठवडे झाले होते, मार नेमका कुठे लागला, आल्यावर बाळाचे ठोके होते की नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. जुने सोनोग्राफी रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा. माझ्याकडे आलेल्या बाईचं कार्ड घडी पडून फाटायला आलं होतं, पण घटनेच्या आधीच्या आठवड्यात सिस्टरनं बाळाचे ठोके निळ्या पेनानं लिहिलेले त्यावर स्पष्ट वाचता येत होते. बाळ जिवंत होतं याचा तो पुरावा.

बाळ मृत जन्मलं तर पुरायची घाई करू नका. पंचनामा आणि शवविच्छेदन करा असं पोलिसांना लेखी सांगा. हे आईला सांगताना मला दर वेळी जड जातं, पण एकदा मातीआड केल्यावर मारामुळेच गेलं हे सिद्ध करणं फार अवघड होतं. बाळ जन्मून एकदा जरी रडलं असेल, तर ती वेळ नोंदवून घ्या. पोटातल्या बाळाचा मृत्यू घडवणं हा आपल्या कायद्यात मनुष्यवध धरत नाहीत. बाळाचा काही भाग जरी जिवंतपणी बाहेर आला असेल, तर मात्र सदोष मनुष्यवध (जीव घ्यायच्या हेतूनं किंवा जीव जाईल हे माहीत असून केलेलं कृत्य) ठरू शकतो. हा फरक मला पटत नाही, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 100 मध्ये तो आहे.

ही संहिता लागू झाली त्या 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला तिची दोन कलमं लक्षात ठेवा. कलम 89 म्हणजे बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं, त्याला 10 वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. कलम 92 म्हणजे आई दगावली असती तर सदोष मनुष्यवध ठरला असता असं कृत्य, आणि त्यात पोटातलं सजीव बाळ जाणं. त्याला 10 वर्षांपर्यंत शिक्षा. दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र. नुसती साधी मारहाण लिहिली की एनसीवर भागतं, म्हणून जबाबावर सही करण्याआधी तो वाचून घ्या.

जबाबात एक गोष्ट हमखास राहून जाते: मारणाऱ्याला ती गरोदर असल्याचं माहीत होतं. इथं खटला तुटू शकतो. त्या बाईच्या डोहाळजेवणाच्या फोटोत, हिरव्या साडीतल्या तिच्या मागे, तोच दीर ताट धरून उभा होता. तो फोटो आम्ही अर्जाला जोडला.

ठाण्यात ऐकलं नाही तर हद्दीचा वाद घालत बसू नका, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो. तरी नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं अर्ज पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जा. आमच्या बाईचा गुन्हा अधीक्षकांकडे अर्ज गेल्यावर दाखल झाला. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तिथंच भरपाईचाही अर्ज द्या. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत मारहाणीमुळे झालेल्या गर्भपाताला 2 ते 3 लाख रुपये धरलेले आहेत, आणि त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.