शनिवार-रविवारी पाऊस आहे, दुपारी दोनच्या आत सगळं उरका

कालपासून वारा फिरलाय. सकाळी परड्यात गेलो तर पूर्वेकडनं गार झुळूक आणि दुपारी परत ऑक्टोबरचं ते चटके देणारं ऊन, म्हणजे पाऊस येऊलाय हे आपल्या बेळगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या मेव्हण्याचा फोन आला होता, त्यांच्याकडं या दिवसात कोल्ड फ्रंट येतो, थंड हवा पुढं सरकत येते, तिच्या तोंडाला पाऊस पडतो आणि मागोमाग गारठा. आपलं तसं नसतं, आपला हा परतीचा पाऊस, दिवसभर जमीन तापते, समुद्राकडची ओल हवेत असतेच, मग तीन-चारला ढग उभे चढत जातात आणि संध्याकाळी गडगडाट करून तास-दीड तासात सगळं ओतून मोकळे होतात. रात्री आभाळ उघडलं की गारवा पडतो, त्यात बेळगाव जवळजवळ 2,500 फुटांवर. म्हणून जे काय करायचं ते दुपारी दोनच्या आत.

आज रात्रीच अंदाज बघून ठेवा, पण आपल्या ठिकाणाचा बघा. आपण मराठी चॅनल लावतो, तिथं कोल्हापूर-सातारा दाखवतात आणि आपण त्यावरच कापणी ठरवतो. हवामान खात्याच्या हिशोबात बेळगाव जिल्हा उत्तर अंतर्गत कर्नाटकात येतो, तो भाग बघायचा, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांनी सोबत गोव्याचापण बघावा कारण घाट उतरला की गोवाच. यलो अलर्ट आला म्हणून निवांत राहू नका. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, आणि परतीचा पाऊस तेवढा दोन तासांत पाडू शकतो.

आता भात. ज्यांचं अजून उभं आहे त्यांनी शुक्रवारी विळा लावू नका, हात जोडून सांगतो. त्यापेक्षा बांधाला वाट करून शेतातलं पाणी काढून द्या, वाफ्यात पाणी साचलं आणि वाऱ्यानं भात आडवं झालं की लोंब्या चिखलात जातात. दोन वर्षांमागं मजूर मिळाले म्हणून आम्ही घाईनं कापलं, कडपं (कापलेल्या भाताच्या मुठी) शेतातच पसरली आणि त्याच संध्याकाळी पाऊस आला, मग लागोपाठ तीन दिवस. चौथ्या दिवशी कडपं उलटली तर खालच्या बाजूच्या दाण्यांना पांढरे कोंब, नखाएवढे, आणि आंबूस वास. आईनं एक लोंबी हातात घेतली आणि काही न बोलता परत खाली ठेवली. ते मला अजून दिसतं.

ज्यांचं कापून झालंय त्यांनी आजच कडपं गोळा करून उंचवट्यावर गंज घाला, खाली दगड-लाकडं आणि त्यावर पिंजर (भाताचं वाळलं गवत), म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. ताडपत्री वरनं टाका पण चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आवळू नका, खालनं वारा खेळला पाहिजे, नाहीतर आतल्या आत तापतं. सोयाबीनचंही तेच, ढिगात हात घालून बघा, आत गरम लागला तर लगेच पसरायचं. मळलेलं भात असेल तर दाणा दाताखाली धरा, कट्ट वाजला तर पोत्यात भरा, नुसता दबला तर अजून ऊन पाहिजे (साठवायला 14 टक्क्यांच्या आसपास ओल चालते). रताळी काढायची असतील तर पाऊस सरून जमीन वाफशावर येईपर्यंत, म्हणजे चिखल सरून नुसती ओल राहीपर्यंत थांबा.

विजेचं मनावर घ्या, कारण या दिवसातला पाऊस विजेशिवाय येत नाही. मोबाईलात दामिनी ॲप घ्या, 20 ते 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडायची शक्यता असली तर सांगतं. गडगडाट ऐकू आला की शेतात असाल ते सोडून घरात या, झाडाखाली थांबू नका, म्हशीपण झाडाला बांधू नका, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. ओल्या हातानं मोटरीच्या स्टार्टरला तर अजिबात नको.

घरात फार काही नाही, पन्हळीतला पालापाचोळा काढा, शेणी आणि सरपण आत घ्या, बॅटरी आणि मोबाईल चार्ज करून ठेवा कारण लाईट जाणारच. म्हाताऱ्या माणसांची स्वेटर-कानटोपी शुक्रवारीच उन्हात टाका, दमा असलेल्यांचा पंप किती शिल्लक आहे बघा, आणि हुलगे काढून ठेवा, रात्री गरम माडगं करायला. पोरांनी दिवाळीच्या किल्ल्याची माती आणली असेल तर तीपण झाका.

चोर्ल्याला किंवा आंबोलीला फिरायला जाणाऱ्यांनी पहाटे निघा आणि दोनच्या आत घाट उतरून-चढून मोकळे व्हा, पाऊस आणि धुकं एकदम आलं तर पुढची गाडी दिसत नाही.

पाऊस थांबला की ताडपत्रीवर साचलेलं पाणी गंजीपासनं लांब ओता, आणि सोमवारी लगेच उघडू नका, दव वाळू दे, दहाच्या पुढं काढा.