वर्गातली हवा: आधी वेळापत्रक, मग यंत्र

थंडीची चाहूल लागली की पालकसभेत एक मागणी हमखास येते: वर्गात एअर प्युरिफायर बसवा. मी मुंबईच्या पूर्व उपनगरात, हमरस्त्याला चिकटलेल्या शाळेत विज्ञान शिकवते. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी वेळापत्रक बदलू, यंत्राचं नंतर बघू.

सुरुवात झाडूपासून करा. बऱ्याच शाळांत पहिल्या घंटेच्या जेमतेम आधी कोरडा झाडू फिरतो. खाली बसलेली धूळ उठते आणि प्रार्थनेला उभी मुलं तीच आत ओढतात. मावशींशी बोलून झाडणं शाळा सुटल्यावर घ्या, सकाळी नुसता ओला पोछा मारायचा. डस्टर गजांवर आपटण्याचं मानाचं काम मॉनिटरकडून काढून घ्या. फळा ओल्या फडक्याने पुसा आणि तो वाळेपर्यंत तोंडी गणितं घ्या. मुलांना आवडतात. (नाही आवडत, पण फळा वाळतो.)

आता खिडक्या. इथे दोन संकटं एकमेकांच्या उलट आहेत. खिडक्या बंद ठेवल्या तर मुलांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो, उघडल्या तर रस्त्याचा धूर आत. पहिलं मोजता येतं. कार्बन डायऑक्साइड मीटर काही हजारांत मिळतो, मात्र त्यावर ‘एनडीआयआर’ (अवरक्त किरणांनी हाच वायू मोजणारा) सेन्सर लिहिलेला पाहून घ्या. स्वस्तातले काही मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात. आधी बाहेर धरा, ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास आकडा यायला हवा. मग वर्गात, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकी-दारापासून लांब ठेवा. १००० च्या वर गेला की हवा बदलायची वेळ झाली. तिसऱ्या तासाला मुलं पेंगतात त्याचा दोष नेहमीच माझ्या शिकवण्याचा नसतो, हे मला या मीटरमुळे मुख्याध्यापकांना दाखवता आलं.

पंखा आतलीच हवा फिरवतो, साधा स्प्लिट एसीसुद्धा. हवा बदलायला समोरासमोर दोन वाटा लागतात: दाराला वीट लावा आणि पलीकडची खिडकी उघडा. हिवाळ्यात मुंबईत सकाळी गार, जड हवा जमिनीलगत अडकते, धूरही तिच्यातच. त्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या बंद, मैदानाकडच्या उघड्या. दुपारी ऊन चढलं, समुद्रावरचा वारा सुटला की सगळ्या सताड.

पीटीचा तासही याच हिशेबाने हलवा. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात, आणि धावताना तोंडाने. नाकाची गाळणी चुकते. शिवाय त्यांची फुफ्फुसं अजून घडताहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक सकाळी बघा. २०० च्या वर असेल तर धावणं रद्द, कॅरम काढा. ॲपवर दिसणाऱ्या ‘समाधानकारक’ या शब्दावर फार विसंबू नका: पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५.

फाटकाशी व्हॅनवाले काका इंजिन चालू ठेवून थांबतात. पाटी लावून काही होत नाही, रोज एका शिक्षकाने जाऊन सांगावं लागतं. आवारातला पालापाचोळा जाळू नका, खड्ड्यात कुजवा. पावसाळ्यात गळकी भिंत आणि बुरशी दिसली की रंग मारून झाकू नका, आधी गळती बंद करा.

इतकं करूनही रस्त्याकडचा एखादा वर्ग बंदच ठेवावा लागला, तर तिथे हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या दाट गाळणीचा) प्युरिफायर जरूर घ्या. तो कण गाळतो, कार्बन डायऑक्साइड नाही; तेव्हा मधल्या सुट्टीत दारं-खिडक्या उघडाव्याच लागतील.

आणि जूनमध्येच पालकांना विचारा: दमा आहे का, रात्री खोकला येतो का, धावल्यावर छातीत घरघर होते का? डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून वर्गातच ठेवा. ऑफिसच्या कपाटात ठेवलात, तर किल्ली असलेले मामा नेमके बँकेत गेलेले असतात.