क्रूझवर आजारी पडलात तर: उपचार आणि बिल

उलट्या-जुलाब सुरू झाले की केबिनमधल्या फोनवरून लगेच जहाजाच्या दवाखान्याला कळवा. लपवून जेवणाच्या हॉलमध्ये जाऊ नका. जहाजावर असे उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसं चालत नाही. हात साबण-पाण्यानेच धुवा.

तपासणी, सलाईन, औषधं यांचे पैसे सहसा थेट तुमच्या जहाजावरच्या खात्यात चढतात. विमा कंपनी ते बहुधा नंतर परत देते, म्हणून कार्डावर पुरेशी मर्यादा शिल्लक ठेवा. उतरण्यापूर्वी बाबवार बिल, डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा अहवाल आणि पावती मागून घ्या. नुसत्या एकूण रकमेच्या कागदावर दावा अडकतो.

किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवायचं ठरलं, तर शक्यतो निघण्याआधीच विम्याच्या मदत क्रमांकावर कळवा. हेलिकॉप्टरचा खर्च प्रचंड असतो. तो पॉलिसीत धरलाय का, हे पॉलिसी घेतानाच बघा.