डिस्प्लेचा खर्च दर वेळी अंदाजाबाहेर जातो? माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात आम्ही कास्तकारांसाठी कापसातली ओल मोजायचं हातात मावणारं स्वस्त यंत्र बनवतोय. सीसीआय (सरकारी भारतीय कापूस महामंडळ) ८ ते १२ टक्के ओलीचा कापूस घेते, म्हणजे दोन आकडे आणि एक दशांश दिसला की पुरे. पण डिस्प्लेचा खर्च कागदावर एक, हातात दुसराच. आधी एका नगाचा ऑनलाइन भाव धरला, मग शंभर नगांचा. दोन्ही फसले. जीव मेटाकुटीला आला.

जमलं ते असं. आधी नमुने भर दुपारी वावरात नेले. ०.९६ इंची ओएलईडीवरचे (स्वतः उजळणाऱ्या छोट्या पडद्यावरचे) आकडे हाताची सावली धरल्याशिवाय दिसेनात, तो बाद. बिनबॅकलाइटचा सेगमेंट एलसीडी (कॅल्क्युलेटरवर असतो तसा) लख्ख दिसला, सेलही कमी खातो. मग बेरीज केली: काच (म्हणजे एलसीडीच), ती चालवणारी एचटी१६२१ ड्रायव्हर चिप, जोडणी, वरची अॅक्रिलिकची खिडकी, माल आणायचं भाडं, आणि जीएसटीची नोंदणी नसेल तर भरलेला जीएसटीही. काच खास बनवून घेतली तर तिचा एकरकमी खर्च पहिल्याच खेपेवर वाटायचा, पुढच्या ऑर्डरच्या आशेवर नाही. शेवटी भागाकार मागवलेल्या नव्हे, चालू निघालेल्या नगांनी: १०० पैकी ९४ चालले तर ९४ नं. आमचा हिशोब नेमका इथंच चुकत होता.