वैद्यकीय प्रयोगशाळा शास्त्राच्या पदवीनंतर शाखा कशी निवडावी

पदवी मिळताच एखाद्या शाखेचा हट्ट धरू नये. पहिली एक-दोन वर्षे अशा प्रयोगशाळेत काढावीत, जिथे रक्तशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रक्तपेढी या विभागांत आळीपाळीने काम करायला मिळते. त्यासाठी थोडा कमी पगार पत्करावा लागला तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणते काम करताना आपले भान हरपते, हे तिथेच कळते.

एक उदाहरण घ्या. यंत्राने प्लेटलेटची (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशींची) संख्या २०,००० इतकी कमी दाखवली, पण रुग्णाला रक्तस्रावाचे कोणतेही लक्षण नाही. अशा वेळी स्मिअर (काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर) करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. ट्यूबमधल्या इडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे प्लेटलेटचे पुंजके झालेले आढळले, तर सायट्रेट हे तशाच कामाचे दुसरे रसायन असलेल्या ट्यूबमध्ये नमुना पुन्हा घेऊन मोजणी करतात. या शोधात ज्याला खरा आनंद मिळतो, त्याने रक्तशास्त्रातच पुढचे शिक्षण घ्यावे. रक्तपेढीत मात्र क्रॉसमॅचच्या (दात्याचे रक्त रुग्णाला जुळते का, या तपासणीच्या) प्रत्येक पायरीवर शेवटपर्यंत तीच सावधगिरी टिकवावी लागते आणि तो स्वभाव सर्वांचा नसतो. रेण्वीय निदानाकडे (डीएनए-आरएनए तपासून रोग ओळखण्याकडे) ओढा असेल, तर पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती करण्याचे तंत्र) चालवण्याइतकेच नमुन्यांचे परस्परदूषण टाळण्याची शिस्त अंगी बाणवणे महत्त्वाचे आहे.

आकड्यांमागचे कारण शोधण्याची सवय असलेल्यांनी गुणवत्ता व्यवस्थापनाचा विचार अवश्य करावा, कारण या क्षेत्राकडे विद्यार्थ्यांचे विनाकारण दुर्लक्ष होते. लेव्ही-जेनिंग्ज आलेख (कंट्रोल नमुन्याच्या रोजच्या नोंदींचा आलेख) रोज स्वतः भरावा, १९८१ साली मांडले गेलेले वेस्टगार्ड नियम (नोंदी स्वीकारार्ह आहेत का हे ठरवणारे) त्यावर लावून पाहावेत आणि आयएसओ १५१८९ हे वैद्यकीय प्रयोगशाळांच्या गुणवत्तेचे मानक मुळातून वाचावे. सलग दहा नोंदी सरासरीच्या एकाच बाजूला का पडल्या, याचे उत्तर कॅलिब्रेशनमध्ये (यंत्राचे मोजमाप जुळवून घेण्यात) आहे की नव्या रिएजंटमध्ये (चाचणीच्या रसायनात), हे ज्याला शोधता येते, तो पुढे संपूर्ण प्रयोगशाळेची जबाबदारी पेलू शकतो.

प्रयोगशाळेबाहेरही वाटा आहेत. उपकरण कंपन्यांमध्ये ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट (उपकरण वापरायला शिकवणारा तज्ज्ञ) म्हणून काम करता येते. त्यात प्रवास बराच असतो आणि शिकवण्याची हातोटी लागते. संगणकाची आवड असणाऱ्यांसाठी प्रयोगशाळा माहिती प्रणाली, तर संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी औषधांच्या क्लिनिकल चाचण्या हा पर्याय आहे.

नोकरी कुठेही शोधत असाल, तरी मुलाखतीच्या वेळी मागच्या महिन्याचे क्वालिटी कंट्रोलचे आलेख पाहता येतील का, असे नम्रपणे विचारावे. नियमाबाहेर गेलेल्या नोंदीशेजारी कारण आणि केलेली दुरुस्ती लिहिलेली असेल, तर तिथे काम नीट शिकायला मिळेल.