शिक्षा भोगून आलात? मत देता येतं, पण आधी यादीत नाव बघा

२०२३ च्या डिसेंबरात एक माणूस आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर उभा होता. आत येत नव्हता. मधली सुट्टी झाली तसा शिपाई म्हणाला, "मॅडम, तो तुमालेच विचारून राहिला." गेले. त्यानं शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जुनं मतदार ओळखपत्र काढलं. "मॅडम, हे चालते का आता? का माहा वोट गेला?"

नागपूरच्या वर्धा रोडवरच्या सेंट्रल जेलमधून सुटून त्याला पंधरा दिवस झाले होते. सात वर्षं आत काढली होती. जेलमध्ये कोणीतरी सांगितलं होतं की शिक्षा झाली की मताचा हक्क कायमचा जातो, कोर्टातून परत मिळवावा लागतो, वकील वीस हजार घेतो.

महालात, बडकस चौकाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये, मी अकरा वर्षं बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम केलं. म्हणजे शाळा सुटल्यावर मतदार यादी काखेत मारून दारोदार फिरणारी बाई. त्यामुळे हे मी अगदी खात्रीनं सांगते: आपल्याकडे मताचा हक्क जातो तो फक्त आत असेपर्यंत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२ (५). तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मत देता येत नाही. बाहेर पडलात, तुमचा हक्क तुमच्यापाशी. कोर्ट नाही, वकील नाही, वीस हजार तर नाहीच. गुन्हा कोणता होता हेही कोणी विचारत नाही. जामिनावर असाल तरी मत देता येतं. दंड भरायचा राहिला असेल तरी देता येतं.

ही 'परत मिळवण्याची' गोष्ट लोक अमेरिकेच्या बातम्यांतून उचलतात. तिथं राज्याराज्यात निराळे नियम आहेत. फ्लोरिडात २०१८ मध्ये लोकांनीच मतदान करून शिक्षा भोगलेल्यांना हक्क परत दिला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारनं कायदा केला की आधी दंड आणि कोर्टाची फी चुकती करा. ते तिथलं झालं. दुसरा घोळ आपल्याच इथला. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक *लढवता* येत नाही. लढवणं वेगळं, मत देणं वेगळं. नगरसेवक व्हायचं नसेल तर त्याची काळजी सोडा.

एक अपवाद मात्र खरा आहे. गुन्हा निवडणुकीचाच असेल, म्हणजे मतासाठी लाच, दुसऱ्याच्या नावानं मतदान, असल्यापैकी, तर दोषी ठरल्यापासून सहा वर्षं मताचा हक्क जातो. ती बंदी उठवण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. अशा केसमध्ये वकिलाकडे जा. अकरा वर्षांत माझ्याकडे असा एकही आला नाही.

मग त्या माणसाचं कार्ड चाललं का? नाही चाललं. आणि त्याचं कारण मी होते.

२०१७ ची गोष्ट. यादीचं काम चालू होतं, मी त्याच्या घरी गेले. आई ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी यादीतलं नाव वाचलं. तिनं मान वर केली नाही. "तो येथी नाही राहात." एवढंच. गल्लीला सगळं माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण तिला परत विचारायचं मला जिवावर आलं. मी नमुना ७, म्हणजे यादीतून नाव काढायचा अर्ज, भरला, कारणात 'स्थलांतरित' लिहिलं, तिची सही घेतली. मला वाटलं, आपण बाईची लाज राखली.

चूक होती. कायद्यात स्पष्ट आहे की तुरुंगात ठेवलं म्हणून तुरुंग हा माणसाचा पत्ता होत नाही, आणि तात्पुरता घराबाहेर गेला म्हणून त्याचं घर सुटत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनं तर हेही लिहून ठेवलंय की आत असल्यामुळे मत देता आलं नाही तरी यादीतला माणूस मतदारच राहतो. हे मला त्या फाटकावरच्या भेटीनंतर, कलमं शोधून वाचली तेव्हा कळलं. प्रशिक्षणात आम्हाला मयत, दुबार आणि स्थलांतरित एवढंच शिकवलं होतं.

तेव्हा काय करायचं ते सांगते.

आधी यादी. खिशात कार्ड आहे म्हणजे मत आहे असं नाही. यादीत नाव आहे म्हणजे मत आहे. आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर कार्डाच्या नंबरानं शोधा. नाही सापडलं तर नाव, वडिलांचं नाव, वय टाकून शोधा, कारण आपल्याकडे एकाच नावाच्या तीन तऱ्हा असतात. फोन जमत नसेल तर १९५० वर विचारा किंवा आपल्या भागाच्या बीएलओला गाठा. आपला मतदारसंघ नीट बघा. शहरात सहा आहेत आणि रस्ता ओलांडला की बदलतो. महाल मध्य नागपुरात येतो.

नाव सापडलं, पण घर बदललंय? नमुना ८. पत्ता बदलायलाही तोच, नावातली चूक सुधारायलाही तोच, कार्ड हरवलं तर नवीन मागायलाही तोच. आत असताना कार्ड उंदरानं खाल्लं, भावानं हरवलं, हे मी ढिगानं ऐकलंय. नवीन येईपर्यंत अडू नका. यादीत नाव असलं तर मतदानाला आधार, पॅन, लायसन्स, फोटोचं बँक पासबुक, यातलं एक चालतं.

नाव उडालंय? नमुना ६. त्यावर 'नवीन मतदार' लिहिलेलं असतं, त्यानं बिचकू नका. उडालेलं नाव ह्याच वाटेनं परत येतं. फी नाही. फोटो, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा. पूर्ण फॉर्म वाचून बघा, तुरुंगाबद्दल एक रकाना नाही. सुटकेचा कागद जोडू नका, कोणी मागत नाही. त्यानं तो आणला होता, चार घड्या घातलेला. मी म्हटलं, घरी पेटीत ठेव.

खरी अडचण पत्त्याची येते. लाइट बिल बापाच्या नावावर, बाप वारलेला, बँक खातं बंद पडलेलं. आधारवर पत्ता बरोबर असेल तर तोच लावा. घरातल्या कोणाचा मतदार क्रमांक फॉर्मवर लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. आम्ही त्यावरून घर शोधतो. त्यानं आईचा लिहिला. मग बीएलओ चौकशीला घरी येतो, तेव्हा घरात कोणीतरी असायला हवं, आणि त्या कोणीतरी 'हो, इथंच राहतो' म्हणायला हवं. आधी घरच्यांशी बोलून ठेवा.

अर्ज कागदावर दिला तर पोच घ्या, ऑनलाइन भरला तर संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, सिव्हिल लाइन्सला. तिथंही नाही झालं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

आणि वेळ. लोक मतदानाची तारीख लक्षात ठेवतात, ते उपयोगाचं नाही. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद. २०२४ ला आपल्याकडे लोकसभेचं मतदान १९ एप्रिलला होतं, पण उमेदवारी अर्जांची मुदत २७ मार्चलाच संपली होती. त्या तीन आठवड्यांत माझ्या दारात रोज कोणीतरी यायचं आणि मी हात जोडायची. महापालिकेलाही हीच विधानसभेची यादी वापरतात, वॉर्डात फोडून. तिथं वेगळी नोंदणी नसते. म्हणून सुटल्यावर घरी पोचलात की पहिल्या महिन्यातच हे काम उरकून टाका.

त्याचा नमुना ६ आम्ही जानेवारीत भरला. चौकशीला मीच गेले. आई तशीच ओट्यावर. मी नाव वाचलं, तर ती म्हणाली, "हाव, येथीच राहाते. कोठी जाईन?" आतून तो बाहेर येऊन उभाही राहिला, पुरावा म्हणून.

एक गोष्ट मात्र मला अजून पटत नाही. शिक्षा झालेला पण जामिनावर सुटलेला माणूस रांगेत उभा राहून मत देतो, आणि जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत पडलेला, ज्याचा खटला अजून उभाही राहिला नाही, त्याला देता येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्ये हे कलम वैध ठरवलं, तेव्हा कायदा आहे तो असा आहे. घरचं कोणी असं आत असेल तर आयाबायांनो, एवढं करा: बीएलओ आली की "इथं राहत नाही" म्हणू नका. "सध्या घरी नाही" म्हणा. खोटं काही नाही त्यात, आणि नमुना ७ वर सही करू नका.

हे मी त्या आईला इतकं घोकून सांगितलं की आता उलटंच झालंय. तिचा धाकटा लग्न करून कायमचा पुण्याला गेला, तिथं त्यानं फ्लॅट घेतला. परवा नवीन बीएलओ पोरगी विचारायला आली, तर म्हातारी ठणकावून म्हणाली, "सध्या घरी नाही." पोरीनं मला फोन लावला. त्याला म्हणावं, पुण्याच्या पत्त्यावर नमुना ८ भर.