प्रौढांच्या वर्गावर शिकवायचं असेल तर

"प्रौढ साक्षरतेच्या वर्गावर शिकवायला जायचंय, तयारी काय करू?" असं विचारणारे बहुतेक जण बी.एड. करत असतात. त्यांचा समज असा की पहिलीला शिकवतो तेच जरा थोराड मंडळींना शिकवायचं. पण पहिलीच्या मुलाला आई शाळेत सोडून जाते. प्रौढ माणूस आपल्या पायांनी येतो आणि इथे आपलं काम होत नाही असं वाटलं की न सांगता यायचा थांबतो. म्हणून ही बाई किंवा हा माणूस नक्की कशासाठी आलाय, हे शोधणं ही शिक्षकाची पहिली जबाबदारी. बाकीच्या सगळ्या त्यातूनच निघतात.

सरळ विचारलंत तर "लिहायला-वाचायला शिकायचंय" एवढंच कळेल. खरं कारण गप्पांतून येतं. कुणाला बँकेची स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यायची लाज वाटते, कुणाला नातवाची वही बघायची असते, कुणाला फक्त अंगठा सोडायचा असतो. मी हे कारण हजेरीच्या वहीत नावापुढे लिहून ठेवते आणि पहिल्या महिन्याचे धडे त्यावरून बेतते. पुस्तक नंतर.

बडोद्यात भाषेचा प्रश्न टळत नाही. मी राहते दांडिया बाजारात. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका खानदेशातल्या: घरात अहिराणी, कामावर गुजराती, टीव्हीवर हिंदी. देवनागरी शिकवली तर गावाकडची लग्नपत्रिका वाचता येईल, पण एस.टी.ची पाटी आणि मुलांची शाळेची पुस्तकं गुजरातीत. ज्यांची मुलं इथल्या गुजराती शाळेत आहेत त्यांना मी थेट गुजराती लिपीतून सुरू करते. डोक्यावरची रेघ नसल्यानं हात लवकर बसतो. ग, न, म, त या अक्षरांचं वळण देवनागरीसारखंच, क, ज, फ, ब मात्र वेगळे. गुजरातीतला 2 चा आकडा आणि र हे अक्षर जवळजवळ एकसारखे दिसतात, तसंच 5 आणि प. हे बायका लगेच हेरतात आणि विचारतात, "बेन, मग कळायचं कसं?" शेजारी काय लिहिलंय त्यावरून, हे उत्तर तयार ठेवा आणि भाजीच्या दराची पाटी फळ्यावर काढून दाखवा.

अ ते ज्ञ फळ्यावर लिहून सुरुवात करू नका, ओळखीच्या शब्दापासून करा. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, त्यातल्या वाचनपुस्तिकांचीही रीत हीच होती: ओळखीचा शब्द घ्यायचा, त्यातली अक्षरं सुटी करायची, त्यांपासून नवे शब्द जुळवायचे. मी स्वतःच्या नावापासून सुरू करते. मग मुलांची नावं, गल्लीचं नाव, "बंद", "चालू", "उधार".

सही आली की वर्गात पेढे वाटले जातात आणि इथेच शिक्षकाची खरी जोखीम सुरू होते. अंगठा उठवणाऱ्या बाईला कागद निदान कुणीतरी वाचून दाखवतं. सही केली की तिनं वाचलंय असंच धरलं जातं. गटाच्या कर्जाचे कागद वस्तीत फिरतच असतात. म्हणून सहीबरोबरच कागदावर रक्कम, तारीख आणि आपलं नाव शोधायला शिकवा आणि रिकाम्या जागेखाली सही करायची नाही हेही. नुसती गिरवून पाठ केलेली सही ही माझ्या मते साक्षरता नव्हे, निरक्षरतेवर घातलेलं पांघरूण आहे.

गणितात उलट परिस्थिती. भाजी विकणारी मावशी साडेतीन किलोचा हिशेब तुमच्याआधी तोंडी करते. तिला बेरीज शिकवायची नाही, तिच्या डोक्यातला हिशेब कागदावर कसा मांडतात ते दाखवायचं. आधी तिची रीत समजून घ्या. "असं नाही, हातचा घ्या" म्हणालात की संपलं.

वर्गात सगळ्यांना तुम्ही, काका, मावशी. पाटी-पेन्सिल देऊ नका. वही आणि बॉलपेन द्या. पोरासोरांसारखी पाटी मांडीवर घ्यायला मोठ्या माणसांना संकोच वाटतो. चाळिशी ओलांडलेली कुणी आठवडाभर अक्षरंच ओळखत नसेल तर आधी डोळे तपासायला पाठवा. वाचायचा चष्मा लागल्यावर "मंद" ठरलेली बाई झपाट्यानं वाचू लागते, हे मी अनेकदा पाहिलंय. आणि वेळ तुमच्या सोयीनं ठरवू नका. घरकाम करणाऱ्यांना दुपार बरी, कारखान्यातल्या पुरुषांना रात्र. नवरात्रात या शहरात वर्ग भरत नाही, हे गृहीतच धरा. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांतही नाही.

विश्वास बसला की लोक आधार कार्ड, पासबुक, कधी आख्खा फोन तुमच्या हातात देतात. कागद आपल्याजवळ ठेवायचे नाहीत, ओटीपी आपण वाचायचा नाही, तो त्यांच्याकडून वाचून घ्यायचा. फॉर्मही शक्यतो आपण भरून द्यायचा नाही. दोन मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं, पण तो अर्धा तास हाच तर धडा. घरातल्या भांडणात मात्र पडू नका. ऐकून घ्या आणि योग्य ठिकाणाचा पत्ता द्या.

आता कागदोपत्री बाजू. सध्याची सरकारी योजना म्हणजे 'उल्लास', म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रम, 2022 ते 2027 साठीचा, 15 वर्षांवरील सगळ्यांसाठी. अक्षर-अंकओळखीबरोबर जीवनकौशल्यं, व्यवसायकौशल्यं, पायाभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण हेही त्यात आहे. तुम्ही ॲपवर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता, शिकणारे तुमच्या नावाला जोडले जातात. परीक्षा 150 गुणांची: वाचन, लेखन आणि अंकज्ञान प्रत्येकी 50. मानधन नाही, हे आधीच समजून घ्या. आधीच्या 'साक्षर भारत' योजनेत प्रेरकांना, म्हणजे गावातलं केंद्र चालवणाऱ्यांना, महिना 2000 रुपये मिळत. पगाराची नोकरी हवी असेल तर संस्थांचे प्रकल्प बघावे लागतात. तिथे इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं) प्रौढ शिक्षणातलं एम.ए. उपयोगी पडतं, पण मुलाखतीत वर्ग चालवल्याचा अनुभव जास्त बोलतो.

परीक्षा झाली की शिक्षक मोकळा होतो, असं मानायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. वाचायला काही मिळालं नाही तर नवसाक्षर वर्षभरात पुन्हा अंगठ्यावर येतो. सयाजीराव महाराजांना हे कळलं होतं. 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केल्यावर 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगावी ग्रंथालयं आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू केल्या. आपल्याला पेटी नको, मोठ्या टाइपातली दहा-बारा पुस्तकं, जुनी वर्तमानपत्रं आणि आठवड्यातून एक ठरलेली दुपार पुरते. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे स्तर आहेत, त्यानंतर दहावी. फॉर्मच्या तारखा तुम्ही लक्षात ठेवा. फॉर्म त्यांनाच भरू द्या.